अठराशे सेहेचाळीस हाका

२ ऑगस्ट. तळ्याची पातळी ७४७.९ मीटर. दमट.

नवी वही सुरू करताना माणसाने आधी आपण कोण ते लिहावं. मी माझ्या हातांनी केलेल्या वस्तू लिहितो, त्यात सगळं येतं.

कापराच्या झाडाच्या एकाच खोडातून कोरलेली होडी, साडेपाच मीटर. (बाकीचे फायबरच्या बोटी चालवतात आणि प्रवाशांना 'पारंपरिक' म्हणून सांगतात.) सणाला दगडावर वाजवायची मुसळं सात, सातांचे सूर सात. मासे धरायचे बांबूचे तराफे तीन. त्यातला एक वादळात गेला, बांधणीचा दोष नव्हता. स्वयंपाकघर, ओट्यासकट. ध्वनिमुद्रणाची खोली सव्वादोन बाय दोन मीटर, आवाज घुमू नये म्हणून भिंतींना आणि छताला अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे तीनशे बारा. शब्दांच्या चिठ्ठ्या अकरा हजार चारशे नऊ, बिस्किटांच्या एकोणीस डब्यांत. प्रत्येकीवर शब्द, अर्थ, कोणाच्या तोंडून ऐकला, कधी, आणि बोलणाऱ्याने चूक केली असल्यास कोणती. आमच्या थाव भाषेचं ध्वनिमुद्रण, त्रेचाळीस तास बारा मिनिटं.

शिक्षण सहावी. यातलं काहीही मला कोणी शिकवलेलं नाही. थाव भाषेच्या सरकारी परीक्षेत शंभरपैकी चौऱ्याण्णव. राहिलेल्या सहांसाठी तीन पत्रं लिहिली आहेत, कारण प्रश्नच चुकीचे होते. माझ्या मोजणीप्रमाणे आमची भाषा बोलणारे अख्ख्या तैवानात आता चार उरले. चौथा मी. नीट बोलणारे म्हटलं तर दीड: एक मी, आणि अर्धी रुमा आत्या, कारण हल्ली ती घाईत शब्दांची शेपटं गिळते.

आज आत्याला पुली शहरातल्या इस्पितळातून घरी आणलं. घशातली गाठ काढली. डॉक्टर म्हणाला, सप्टेंबर संपेपर्यंत तोंडातून एक अक्षर नको, कुजबूज तर त्याहून नको, नाहीतर आवाज कायमचा जाईल. आत्या शहाऐंशी वर्षांची. तिने डॉक्टरकडे असं पाहिलं की तो दोन पावलं मागे सरला.

आणि ३ सप्टेंबरला आमचं नवं वर्ष. प्रत्येक घरची पितरांची टोपली अंगणात येणार, आत त्यांचे कपडे, आणि आत्या शिनशी, म्हणजे पितरांची पुजारीण, म्हणून समोर बसून एकेका घराच्या पितरांना नावानं हाक मारणार: या, बसा, घ्या. हाक थावमध्येच हवी. चिनी त्यांना येत नाही, त्यांच्या काळी ती सक्तीची नव्हती. जपानी काहींना येते, पण त्या भाषेत त्यांना फक्त ओरडून घेतल्याचं आठवतं. बाकीच्या दोन शिनशी आत्याच्या मागोमाग म्हणतात. पुढे कोणी नसेल तर मागोमाग कसं म्हणणार?

हाक गेली नाही तर टोपल्या बाहेर येतील आणि तशाच आत जातील. असं आजवर एकदाही झालेलं नाही. जपान्यांच्या राज्यात नाही, भूकंपाच्या वर्षी नाही.

५ ऑगस्ट.

मानियाच्या अंगणात बैठक. मानिया माझी शेजारीण, एकाहत्तर वर्षांची विधवा, मागोमाग म्हणणाऱ्या दोघींपैकी एक. हाक कोण मारणार असं विचारलं तेव्हा आत्याने काठी उचलली आणि सरळ आपिनकडे रोखली.

आपिन माझी धाकटी बहीण. धक्क्यावर चहात उकडलेली अंडी विकते. तिची थाव म्हणजे फुटक्या कौलांचं घर, जिथे बघावं तिथे गळतं.

मी म्हटलं, "आत्या, ही? ही पितरांना गिऱ्हाईक समजून रांगेत उभं करील."

आपिन म्हणाली, "रांगेत उभे राहिले तर उत्तमच की दादा. तुझ्या शनिवारच्या वर्गात शेवटी कोणी उभंसुद्धा राहत नव्हतं."

सगळे हसले. मी थाव शिकवायचो त्या वर्गाची वस्तुस्थिती अशी: सुरुवातीला मुलं चौदा, सव्वा वर्षाने शून्य. पालकांची अनास्था.

मग मी माझा प्रस्ताव मांडला. आत्याने अकरा वर्षांपूर्वी घराघराची हाक मला म्हणून दिली होती, आवाज खणखणीत होता. ती साफ करतो, जोडतो, कानाजवळून येतोय असा आवाज काढतो. यंत्र चुकत नाही, अडखळत नाही, अंडी विकत नाही.

मानियाने विचारलं, "पानू, तुझ्या यंत्राला भूक लागते का रे?"

"नाही."

"मग ते दुसऱ्याला जेवायला काय बोलावणार?"

या प्रश्नाचा विषयाशी संबंध नव्हता. आत्याने काठी दोनदा जमिनीवर आपटली. मानिया "बघू" म्हणाली. ठराव मंजूर.

८ ऑगस्ट.

काम सुरू. मूळ ध्वनिमुद्रणात एक कोंबडा, दोन मोटारबोटी, आत्याचा खोकला सतरा वेळा. प्रत्येक घराची हाक वेगळी काढून साफ करायची, मग पुन्हा पुन्हा ऐकायची. अंड्यांच्या ट्रेंमुळे खोली अडतीस अंशांवर जाते, म्हणून खिडकी उघडी. सण उघड्यावर आहे, म्हणून कर्णाही खिडकीत, तोंड गावाकडे. आज चौसष्ट वेळा वाजवली. 'या, बसा, घ्या' मधल्या 'घ्या' नंतर अजून खरखर आहे.

बायकोचा फोन आला. ती तीन वर्षं तायचुंगला मुलाकडे आहे, हमरस्त्याला लागून घर. तिथे शांतता आहे म्हणते.

११ ऑगस्ट.

दिवसाला दीडशेचा वेग आला. खरखर गेली, आता 'बसा' फार आर्जवी वाटतं. आत्या इतकी आर्जवी कधीच नव्हती, बहुधा त्या दिवशी मी नेलेल्या डुकराच्या मांसाचा परिणाम.

आणखी चार ट्रे हवेत म्हणून आपिनच्या गाड्यावर गेलो. पाच-सहा बायका बसल्या होत्या, बोलणं चालू होतं, मी येताच सगळं बंद. माझ्याबद्दल गावात आदर आहे, तो असा दिसतो. आत्याही तिथे, प्लास्टिकच्या स्टुलावर बांबूचे कोंब सोलत. मुकी बाई गप्पांना का बसते, कळत नाही. आपिन माझ्याकडे पाठ करून काहीतरी पुटपुटत होती आणि आत्या मधूनमधून तिच्या गुडघ्यावर काठी मारत होती. डास असावेत.

"काय हवंय दादा?"

"ट्रे. आणि काय पुटपुटतेस?"

"उधारी आठवतेय."

ट्रे मिळाले.

१४ ऑगस्ट. पातळी ७४७.६.

आज काम फार, तक्रारी त्याहून फार. मानियाच्या भाताच्या दारूचे अकरा बुधले एका रात्रीत आंबट झाले. खालच्या आळीतल्या तीन मुलांची पोटं बिघडली. बोटवाल्यांपैकी दोघांची इंजिनं भर तळ्यात बंद पडली, प्रवाशांसकट. आणि मानियाच्या छपरावर चार रात्री घुबड बोलतंय. घुबड आमच्याकडे घरात कोणाला दिवस गेल्याची बातमी आणतं. मानिया रस्त्याने जाताना बोटवाले विचारतात, "काकू, कितवा महिना?" ती चप्पल काढते.

यातलं काहीही एकमेकांशी जोडलेलं नाही. दारू झाकण नीट न लावल्याने आंबते, हे मी तिला दोन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं.

हाका आज दोनशे बारा. उच्चांक.

१८ ऑगस्ट.

चिनी शेजाऱ्यांचा भुतांना जेऊ घालायचा दिवस. संध्याकाळी किराणावाला त्साय तणतणत आला. त्याने दुकानापुढे टेबल मांडून कोंबडी, फळं, बिअर ठेवली होती. उदबत्ती अर्धी जळायच्या आत टेबलाचा पाय मोडला आणि सगळं गटारात.

"पानू, तिसरं वर्ष आहे या टेबलाला, कधी हललं नाही. तुमचे लोक आलेत माझ्या भुतांच्या ताटावर!"

"आमचे कुठले लोक?"

"मला काय माहीत! तूच दिवसभर बोलावतोस ना कोणाला तरी? माझी बायकोसुद्धा आता झोपेत म्हणते, या, बसा, घ्या."

मी त्याला टेबल दाखव म्हटलं. सांध्यात खिळा मारला होता, खुंटी नव्हती. मोडणारच. त्सायच्या बायकोचा उच्चार कसा आहे ते मात्र विचारायचं राहिलं. चिनी माणसाला तो 'घ्या' सहसा जमत नाही.

१९ ऑगस्ट.

महत्त्वाचा दिवस. दुपारी एक बोट माझ्या खिडकीसमोर येऊन थांबली. त्यात पांढऱ्या सदऱ्यातला माणूस डोळे मिटून ऐकत होता. नंतर वर आला. नाव चिउ, पलीकडच्या काठावरच्या एका हॉटेलचा व्यवस्थापक. चिठ्ठ्यांचे डबे पाहिले, ट्रे मोजले (त्याचे तीनशे दहा भरले, मी दुरुस्त केलं), आणि मला 'गुरुजी' म्हणाला.

"गुरुजी, एवढं सगळं एकट्याने? सरकारला दहा माणसं लागली असती."

"सरकारला दहा माणसं आणि तरी सहा गुण चुकीचे," मी म्हटलं.

त्याच्या हॉटेलला तळ्याकाठी संध्याकाळचा दिव्यांचा खेळ करायचाय. त्याला हा आवाज हवाय. रकमेचं नंतर बोलू म्हणाला. सत्तावन्न वर्षांत कोणीतरी जाणकार भेटला.

२३ ऑगस्ट.

आज जे झालं ते क्रमाने लिहितो.

सकाळी साडेनऊला दार वाजलं. पुढे आत्या काठी घेऊन, मागे आपिन, मानिया आणि सात-आठ बायका.

आपिन म्हणाली, "दादा, खरं सांग. ती हाक तू किती वेळा वाजवलीस?"

मला प्रश्न आवडला. कामाची चौकशी इथे कोणी करत नाही. वही काढून बेरीज दाखवली. "आज सकाळपर्यंत अठराशे सेहेचाळीस. अर्धवट थांबवलेल्या धरलेल्या नाहीत."

मागून कोणीतरी "अगं आई गं" म्हणालं.

"आणि जेवायला किती वेळा घातलंस?"

"कोणाला?"

"कोणाला म्हणतो बघा!" मानियाने कपाळावर हात मारला. "अठराशे वेळा 'या, बसा, घ्या' म्हणून पितरांना दारात आणलंस, आणि ताटात काय? वायर! अरे, पंधरा दिवस उपाशी फिरतायत ते गावभर. माझी दारू प्यायले, पोरांची पोटं धरली, त्या त्सायच्या टेबलावर चढले बिचारे!"

मी शांतपणे सांगितलं की ही फक्त चाचणी होती.

"हे त्यांना सांगितलंस?" आपिन.

"ते ध्वनिमुद्रण आहे, आपिन. आत्याने खरी हाक मारलेली नाही."

"आवाज कोणाचा होता?"

"आत्याचा."

"नावं कोणाची होती?"

"त्यांचीच."

"भाषा कुठली?"

उत्तर तिन्ही वेळा तिच्या बाजूने जात होतं. मानिया म्हणाली, आता सांगावं त्यांना की चाचणी होती. मी डबे उघडून पाहिले. अकरा हजार चारशे नऊ चिठ्ठ्यांत 'चाचणी'ला शब्द नाही. आमच्यात कोणी कोणाला चाचणीसाठी जेवायला बोलावलेलं दिसत नाही.

आत्या हसत होती. आवाज न करता, खांदे हलवत, डोळ्यांतून पाणी काढत. मग तिने काठीने माझा कर्णा खिडकीतून खाली पाडला. वरची कड चेपली, दुरुस्त होईल.

मानियाचं म्हणणं अठराशे सेहेचाळीस जेवणं घालावीत. आपिनने घासाघीस केली: एक मोठं जेवण, बाकीची माफी ती मागेल.

"तू?" मी म्हटलं. "कुठल्या भाषेत?"

"तुझ्या नाही," ती म्हणाली. "आमच्या."

२४ ऑगस्ट.

चिकट भात दोन पातेली, तळ्यातले मासे, डुक्कर अर्धं, दारू चौदा बुधले (मानियाने भाव वाढवून दिली). सगळं मी आणलं. गावातल्या सगळ्या टोपल्या सणाआधी बाहेर काढता येत नाहीत, म्हणून आमच्याच घरच्या टोपलीपुढे मांडलं.

आपिन बसली. तिला सलग थाव बोलताना मी लहानपणानंतर ऐकलं नव्हतं. मी मागे पेन्सिल घेऊन बसलो. ती जे बोलली ते असं:

"आजोबा, आजी, काका, बाबा, रागावू नका. हा माझा दादा. ह्याने तुमची थट्टा केली नाही. ह्याला ठाऊकच नव्हतं की तुम्ही खरंच याल. हा लहानपणापासून असाच आहे, सगळं जपून ठेवतो आणि वापरत काहीच नाही. ह्याला बोलणं हवं असतं, बोलणारं माणूस नको असतं. आज पोटभर जेवा, हळू हळू प्या, आणि घरी जा. सणाला पुन्हा बोलावू, तेव्हा नीट बोलावू."

चुका एकतीस. 'बोलणं हवं असतं, बोलणारं माणूस नको असतं' हे वाक्य तेवढं व्याकरणाने शुद्ध होतं.

आत्या एकदाही काठी न आपटता मान हलवत होती. वयामुळे तिचा कान मऊ झाला असावा.

२७ ऑगस्ट.

पोरं बरी. इंजिनं चालू. योगायोग.

बायकांनी नियम केला: हाक वाजवायची तर कानाला लावून, तीही घरात भात शिजलेला असताना. मी दिवसातून तीनदा भात शिजवतो. वजन दीड किलोने वाढलं.

बैठकीत ठरलं, सणाला हाक आपिन मारील. माझं यंत्र टोपल्यांमागच्या टेबलाखाली तयार राहील, अडली तर. ती अडणार. मी तिच्या एकतीस चुकांची यादी स्वच्छ अक्षरांत लिहून गाड्यावर दिली. तिने वाचली, घडी घातली आणि एका गिऱ्हाइकाला त्यात अंडी बांधून दिली.

२ सप्टेंबर.

संध्याकाळी मुसळं. माझी सातही बायकांनी वापरली, दगडावर सूर चोख लागले. मानिया म्हणाली, "पानू, ही मुसळं चांगली झालीत. ही गप्प राहून काम करतात."

३ सप्टेंबर.

अंगणात टोपल्या रांगेत. दारू ओतलेली. आपिन पुढे, मागोमाग म्हणणाऱ्या दोघी मागे, आत्या कडेला स्टुलावर. मी टेबलाजवळ, बोट कळीवर, दुसऱ्या हातात पेन्सिल.

पहिली पाच घरं गेली. चुका नऊ, अपेक्षेपेक्षा कमी. मग आमची टोपली आली. तिने आजोबांना हाक मारली, आजीला, काकांना, बाबांना. आणि थांबली.

पुढे आई होती. आई जाऊन आठ वर्षं झाली. आपिनच्या तोंडातून शब्द निघेना. विसरली असावी. अशा वेळेसाठीच यंत्र होतं, मी कळ दाबली.

आत्याचा अकरा वर्षांपूर्वीचा आवाज खणखणीत लागला. एकही खरखर नाही. आजोबा, आजी, काका, बाबा, या, बसा, घ्या. आणि लगेच पुढचं घर.

आई नव्हती. कशी असणार, त्या वर्षी ती जिवंत होती. मीच तिला त्या दिवशी खोलीबाहेर बसवलं होतं, कारण ती मध्ये मध्ये बोलायची आणि अशुद्ध बोलायची. अठराशे सेहेचाळीस वेळा ऐकलं. 'घ्या' नंतरची खरखर ऐकू आली. ही गैरहजेरी ऐकू आली नाही.

मी यंत्र बंद केलं. आत्या माझ्याकडे बघत होती. तिने तोंड उघडलं. आपिन तिच्याकडे धावली आणि तिच्या तोंडावर हात ठेवला. आणि मग मागून कोणीतरी आईला हाक मारली. मानियाची नात असावी, नखं रंगवणारी, पुलीला केशकर्तनालयात असते ती. नंतर बोटवाल्याची बायको. नंतर बोटवाला. नंतर सगळेच, एकदम नाही, एकामागून एक, आपापल्या पट्टीत: या, बसा, घ्या. आपिनला मग आवाज सापडला आणि ती पुढच्या घरांवर गेली, बाकीचे तिच्या मागोमाग, शेवटच्या टोपलीपर्यंत.

मोजले. मागे म्हणणारे अकरा. माझ्या चारांच्या यादीत यांतल्या फक्त दोघी, मानिया आणि दुसरी शिनशी. बाकीचे नऊ जण ही भाषा कधी शिकले, कोणाकडून, कुठे, याची कोणत्याही डब्यात नोंद नाही. शनिवारच्या वर्गात तर यांतलं कोणी नव्हतं. अपवाद दोन; ती दोन मुलं मीच वर्गाबाहेर काढली होती.

चुका मोजायच्या राहिल्या. पेन्सिल हातात होती.

मीही आईला हाक मारली की नाही, ते नक्की आठवत नाही.

आई शेवटची तीन वर्षं माझ्याशी चिनीतच बोलायची. मी तेव्हा चिठ्ठीवर 'स्मृतिभ्रंश' असं लिहून ठेवलं होतं. आज रात्रीच्या जेवणाला आपिनला विचारलं, तुझ्याशी कुठल्या भाषेत बोलायची?

ती म्हणाली, "थाव. शेवटच्या दिवसापर्यंत. दादा, मासा घे."

५ सप्टेंबर. पातळी ७४८.० मीटर.

गाड्यावर गेलो. सगळे गप्प झाले. या वेळी मी ट्रे मागितले नाहीत, नुसता उभा राहिलो. आपिनने एक स्टूल पायाने पुढे सरकवलं.

"बस. पण अट आहे. दुरुस्ती केलीस की एक अंडं विकत घ्यायचं. पंधरा डॉलर."

"आणि चूक फारच मोठी असेल तर?"

"तर दोन."

बसलो. त्या बोलू लागल्या, थावमध्येच. त्सायच्या टेबलाबद्दल, डाळिंबांच्या भावाबद्दल, माझ्याबद्दल. मानियाची नात गरोदर आहे. घुबड बरोबर होतं, चौकशी फक्त मानियाची झाली, नातीची नाही. चाळीस मिनिटं बसलो. पहिल्या बारा मिनिटांत नऊ चुका गिळल्या, दहावी बाहेर पडली. नंतरच्या वेळात आणखी पाच. सहा अंडी घेऊन घरी आलो.

एक नवा शब्द मिळाला, उकळत्या चहात अंड्याचं कवच तडकतं त्या आवाजाला. आपिन म्हणते तो शब्द आईचा. चिठ्ठी क्रमांक अकरा हजार चारशे दहा. 'बोलणाऱ्याची चूक' हा रकाना रिकामा ठेवला.

८ सप्टेंबर.

चिउ साहेब करारपत्र घेऊन गाड्यावरच आले, घरी मी नव्हतो म्हणून. सगळ्यांसमोर कागद उघडले. अर्ध्या तासाचा खेळ, पहिल्या हाकेवर दिवे लागणार, तळ्यावर धूर सोडणार. माझं नाव पितळी पाटीवर, 'भाषागुरू' असं.

"गुरुजी, फक्त सही. बाकी सगळं आमचे तंत्रज्ञ बघतील."

आत्या कोंब सोलत होती, मान वर न करता. मानियाने डोळे बारीक केले. आपिन अंडी ढवळत होती, तीच तीच.

मी कागद पूर्ण वाचला. तीन शुद्धलेखनाच्या चुका. त्याबद्दल काही बोललो नाही. विचारलं, "दर वर्षी नवी नावं घालता येतील का?"

"कसली नावं?"

"त्या वर्षी गेलेल्यांची. ती घालायला लागतात."

चिउ साहेब हसले, समजूतदार हसले. "नाही गुरुजी. एकदा ध्वनिपट पक्का झाला की झाला. तेच तर त्याचं सौंदर्य. कायम तसाच राहणार. आणि खरं सांगू, पाहुण्यांना काय कळतंय, कोणाला बोलावलंय आणि कोण राहिलंय."

"राहिलेल्यांना कळतं," मी म्हटलं.

त्यांनी रक्कम पुन्हा मोठ्याने सांगितली, मला ऐकू आली नसेल असं समजून. मी नको म्हटलं. दोनदा म्हटलं, एकदा चिनीत, एकदा थावमध्ये. दुसऱ्याची त्यांना गरज नव्हती.

नाकारलेला प्रस्ताव, नोंदीसाठी: रुमा आत्याच्या हाकेचं ध्वनिमुद्रण आणि बाकीचे त्रेचाळीस तास, वरची बारा मिनिटं धरून, रोज संध्याकाळी साडेसात वाजता तळ्याकाठी वाजवण्याचा कायमचा हक्क, बदलाची तरतूद नाही. अठरा लाख तैवानी डॉलर, एकरकमी.